मुलांनी नोंदवलेला पूर कोण सांभाळणार?

कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह आणि त्याला पुराच्या भीतीने असलेला सांगली-कोल्हापूरकरांचा विरोध, हा वाद न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये बसून वाचताना मला एक उणीव सारखी खटकते. २०१९च्या महापुराला अलमट्टी जबाबदार नाही, हा महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा निष्कर्ष अनेक पूरग्रस्तांना मान्य नाही. पण आपल्या गल्लीत पाणी केव्हा शिरले, किती चढले आणि केव्हा ओसरले, हे ते दाखवणार कशाच्या आधारे? पंचनाम्यात नुकसान लिहितात, पाण्याचा प्रवास लिहीत नाहीत.

तो काही मुलांनी लिहिला होता. माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी कॉलेजच्या प्रकल्पासाठी शिरोळ तालुक्यातल्या एका गावात घरोघर फिरून भिंतीवरची चिखलाची रेघ टेपने मोजली, तिच्याशेजारी घरमालकाला उभे करून फोटो काढले आणि पुढे वर्षभर कोणाला अनुदान मिळाले, कोणाच्या दावणीला पुन्हा म्हैस आली, हेही संकेतस्थळावर नोंदवले. डोमेनचे पैसे भरणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, नूतनीकरण राहून गेले आणि आता त्या पत्त्यावर ‘डोमेन विक्रीस आहे’ एवढेच दिसते. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या ‘वेबॅक मशीन’मध्ये मुखपृष्ठ सापडते. परंतु प्रत्येक घराचे पान नकाशावर क्लिक केल्यावरच उघडत असे आणि नकाशा दुसऱ्याच सर्व्हरवरून येत असल्यामुळे नेमकी घरेच जतन झाली नाहीत.

इथे २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात १८५ माणसे गेली. त्याच वर्षी कँटरबरी विद्यापीठाने ‘सीस्मिक’ हा डिजिटल संग्रह सुरू केला. पुढे एक मालवाहू कंटेनर शहरात ठिकठिकाणी नेऊन सातशेहून अधिक लोकांच्या आठवणी त्यात ध्वनिमुद्रित केल्या. शिवाय २००३च्या कायद्याने इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देशातील सार्वजनिक संकेतस्थळांची प्रत करून ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे. प्रकाशनांच्या प्रती ग्रंथालयांत जमा करायला लावणारा आपला १९५४चा कायदा छापील पुस्तकांपाशी आणि वर्तमानपत्रांपाशी थांबतो.

यावरून इथली माणसे अधिक जागरूक आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. हा जेमतेम पन्नास लाखांचा देश आहे, आणि संग्रह उभा राहिला तरी विम्याच्या दाव्यांसाठी लोकांना वर्षानुवर्षे भांडावेच लागले. म्हणून ‘आधी घरे द्या, संकेतस्थळे कसली जपता’ हा गावाकडचा आक्षेप मी झटकून टाकत नाही. फक्त घरावरचा हक्क सांगायलाही नोंदच लागते, हे त्यात विसरले जाते.

अधिक अवघड प्रश्न संमतीचा आहे. कॉलेजच्या मुलांना अडवायचे कशाला म्हणून फोटो काढू देणाऱ्या माणसाने आपले कर्ज आणि आपली हानी कायमची जगापुढे ठेवायला होकार दिलेला नसतो. मोजमापे खुली ठेवावीत, नावे आणि चेहरे विचारूनच.

हे काम दिल्लीतल्या नव्या कायद्यासाठी अडून राहायला नको. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत प्रकल्पाचा बांधीव अहवाल घेतला जातोच. त्याच वेळी संकेतस्थळाची सगळ्या पानांसह प्रत आणि संमतिपत्रे ग्रंथालयात जमा करून घ्यावीत, ती प्रत इंटरनेट बंद ठेवूनही उघडते की नाही हे ग्रंथपालांनी पाहावे आणि मगच गुण द्यावेत.