होन्जो वुहानला कधी होते?

एप्रिल 2020 मध्ये सुटलेला तो मेसेज अजून कुणी ना कुणी पुढे ढकलतंच. जपानचे नोबेलविजेते तासुकू होन्जो म्हणे सांगतात: कोरोना मानवनिर्मित आहे, मी वुहानच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काम केलंय, खोटं ठरलं तर सरकारने माझं नोबेल काढून घ्यावं.

आधी ती चार वर्षं बघू. 1971 पासून 1974 पर्यंत होन्जो अमेरिकेत, मग टोकियोत, 1979 पासून ओसाकात आणि 1984 पासून क्योटो विद्यापीठात. वुहान बसवायचं कुठे?

बरं, ते विषाणू घडवणारे शास्त्रज्ञही नव्हेत. त्यांचा विषय रोगप्रतिकारशक्ती. 1992 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पेशींच्या मरणाशी संबंधित जनुक शोधताना पीडी-1 सापडलं. नावातला 'डी' म्हणजे डेथ, मरण. नाव चुकलं, पण चिकटलं ते चिकटलंच! हे जनुक काढून टाकलेले उंदीर सुरुवातीला ठणठणीत दिसायचे. वय वाढलं तसे काहींचे सांधे सुजले, मूत्रपिंडं बिघडली. त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर उलटली होती. म्हणजे पीडी-1 हे मरणाचं जनुक नव्हे, तर प्रतिकारशक्तीचा ब्रेक. कर्करोगाच्या गाठी नेमका तोच दाबून निसटतात. तो सोडवणारं निवोलुमॅब हे औषध जपानमध्ये 2014 मध्ये मंजूर झालं आणि 2018 चं नोबेल होन्जोंना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. शोधापासून औषधापर्यंत बावीस वर्षं गेली. वुहानची चार त्यात कुणी घुसडली, देव जाणे.

विषाणू नैसर्गिक असता तर चीनसारखं तापमान असलेल्या देशांतच पसरला असता, हाही त्या मेसेजमधलाच मुद्दा. चीनचं तापमान म्हणजे कुठलं? हार्बिनच्या बर्फाचं की हायनानच्या उकाड्याचं? 2009 चा स्वाइन फ्लू तर थंड-उष्ण न बघता जगभर गेला.

नोबेल परत घेण्याची गोष्ट तर निव्वळ हास्यास्पद. वैद्यकशास्त्राचं नोबेल स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधली नोबेल सभा ठरवते, जपान सरकार नाही. आणि दिलेलं नोबेल काढून घ्यायची नियमांत सोयच नाही. विजेत्याला एवढं माहीत नसेल?

विषाणू आला कुठून, हा वाद वेगळा. त्यावर होन्जोंची खोटी सही कशाला? मेसेज म्हणतो, वुहानच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे फोन तीन महिने बंद होते. क्योटोचे तर चालू होते ना! 27 एप्रिल 2020 ला खुद्द होन्जोंनीच विद्यापीठामार्फत निवेदन काढलं: माझं आणि विद्यापीठाचं नाव वापरून खोटे आरोप पसरवले जाताहेत, याचं फार दुःख होतं.