खुलासा: शेवटी ‘एलवाय’ म्हणजे क्रियाविशेषणच, हे खरं नाही

फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक युक्ती फिरते आहे: इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘एलवाय’ दिसलं की डोळे झाकून क्रियाविशेषण लिहा. कृपा करून मुलांकडून हे पाठ करून घेऊ नका.

प्रत्यय कशाला लागलाय ते आधी पाहायचं. विशेषणाला लागला तर बहुधा क्रियाविशेषण होतं: स्लो, स्लोली. नामाला लागला तर बहुतेकदा विशेषणच: फ्रेंडचं फ्रेंडली, कॉस्टचं कॉस्टली, कॉवर्डचं कॉवर्डली. जुन्या इंग्रजीत विशेषणाचा ‘लिच’ आणि क्रियाविशेषणाचा ‘लिचे’ असे दोन वेगळे प्रत्यय होते. झिजत झिजत दोघांचं रूप एकच झालं, घोळ तिथून आहे. ‘फॅमिली’त तर हा प्रत्ययच नाही. उलट ‘ही रन्स फास्ट’मधलं ‘फास्ट’ एलवायशिवायच क्रियाविशेषण आहे, आणि ‘हार्डली’ म्हणजे कष्टाने नव्हे, जेमतेम.

मराठी माध्यमातल्या आपल्या मुलांना हे खरंच जमण्यासारखं आहे. ‘तो चांगला गातो’ यातलं ‘चांगला’ गाण्याबद्दल आहे, हे त्यांना कळतंच. इंग्रजीतही तेच विचारायला लावा: हा शब्द नामाबद्दल सांगतो की क्रियेबद्दल? ‘डेली’ तर वाक्यागणिक विशेषण, क्रियाविशेषण किंवा नामही होतं.