पट्टे सक्तीचे, मग मानेचं संरक्षण ऐच्छिक का?

अमेरिकेतल्या हौशी रेसिंगमध्ये एक युक्तिवाद वर्षानुवर्षं फिरतोय: "हॅन्स व्यावसायिकांसाठी आहे. आमचा वेग कमी, पट्टे आणि रोलकेज (गाडीतला पोलादी सांगाडा) आहेतच. त्यात अडकून जळून मरायचं का? पैसा आमचा, मान आमची, मग सक्ती कशाला?" हॅन्स म्हणजे धडकेत डोकं पुढे फेकलं जाऊन मान मोडू नये म्हणून खांद्यांवर बसणारी ताठ कॉलर. ती खांद्यांच्या पट्ट्यांखाली दाबून राहते आणि दोन बाजूंच्या टेदरनी, म्हणजे छोट्या पट्ट्यांनी, हेल्मेटला जोडलेली असते. एससीसीए या हौशी रेसिंग भरवणाऱ्या अमेरिकी संघटनेने रोड रेसिंगमध्ये असं साधन २०१२पासून सक्तीचं केलं, तरी कुरकुर चालूच आहे.

आधी वेग. नॅसकार या अमेरिकेतल्या व्यावसायिक रेसिंग संघटनेचा नामवंत ड्रायव्हर डेल एर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ला डेटोनाच्या शर्यतीत कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने मरण पावला. गाडी भिंतीला धडकली ताशी १६० मैलांच्या आसपास, पण नॅसकारच्या अहवालानुसार त्या धडकेत वेग बदलला तो ताशी ४२ ते ४४ मैलांनीच, म्हणजे जेमतेम ७० किलोमीटर. मानेला हिसका बसतो तो या फरकाचा. काँक्रीटच्या भिंतीत समोरून घुसलेली हौशी शर्यतीतली मियाटाही (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) एवढा फरक सहज गाठेल. एर्नहार्टचा पट्टा तुटला होता आणि त्यावरून वाद झाला, हे खरं. पण आदल्याच वर्षी नॅसकारचेच ड्रायव्हर ॲडम पेटी आणि केनी अर्विन अशाच फ्रॅक्चरने गेले होते.

"पट्टे आहेतच" हा मुद्दा तर उलटा अंगावर येतो. रोजच्या गाडीत तीन-पॉइंट पट्टा थोडा ताणला जातो, धड जरा पुढे झुकतं, समोर एअरबॅग असते. रेसच्या गाडीत सहा-पॉइंट पट्टे धड सीटला जखडून टाकतात. हेल्मेटच्या वजनासकट डोकं मात्र पुढे जातच राहतं आणि सगळा ताण मानेवर येतो. म्हणजे धोक्याचा हा भाग नियमानेच आणलाय! मग त्यावरचा उपाय ऐच्छिक ठेवणं म्हणजे अर्धाच नियम. १९८१मध्ये मिड-ओहायो ट्रॅकवर एक सहकारी अपघातात गेल्यावर रेसर जिम डाउनिंगने हाच प्रश्न आपल्या मेव्हण्यापुढे, बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांच्यापुढे मांडला. हॅन्स त्यातून जन्मलं.

आगीत अडकण्याची भीती समजते, पण हे साधन गाडीला कुठेच बांधलेलं नसतं. पट्टे सोडले की ते अंगावर घेऊनच बाहेर पडता येतं. खिडकीतून निघताना ते अडखळतं, तेव्हा सराव हवाच.

खर्च? साधं मॉडेल काही शे डॉलरना मिळतं. मोजक्या वीकेंडमध्ये झिजणाऱ्या टायरच्या सेटवर कोणी हुज्जत घालत नाही.

राहिली मर्जी. एर्नहार्टनंतर नॅसकारने आधी मर्जीवरच सोडलं, आणि बहुतेकांनी हॅन्स किंवा तसं साधन वापरायला सुरुवातही केली. त्याच ऑक्टोबरमध्ये शार्लटला आर्का या दुसऱ्या रेसिंग संघटनेच्या शर्यतीत ड्रायव्हर ब्लेझ अलेक्झांडर अशा साधनाविना धडकेत मरण पावला. मग काही दिवसांतच नॅसकारने सक्ती आणली. शिवाय हौशी शर्यतीत अपघात झाला की गाडीकडे धावणारे मार्शल स्वयंसेवकच असतात. तुमच्या मर्जीचा भार त्यांच्यावरही पडतो.

विरोधकांचं एका ठिकाणी मात्र बरोबर आहे. पार्किंगमध्ये शंकूंभोवती चालणाऱ्या ऑटोक्रॉसला ही सक्ती नको. तीन-पॉइंट पट्ट्याच्या साध्या गाडीत तर नेहमीचं हॅन्स नीट कामही करत नाही, कारण त्याला दोन्ही खांद्यांवर पट्टा लागतो. तेव्हा सक्ती हार्नेसला, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या रेसिंगच्या पट्ट्यांना, जोडावी: ज्या गाडीत हार्नेस, त्या ड्रायव्हरला हॅन्स किंवा तसंच प्रमाणित साधन.