अकरा गाई आणि हापूसची बाग

गावच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद. कुणा पोराने लिहिलं, लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोघांनी राजीखुशीने एचआयव्हीची तपासणी करावी. त्यावर दापोलीचे आमचे काका: "आपल्याकडे हुंडा नाही, तसले रोग नाहीत. हे आफ्रिकेत शोभतं." मी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला असतो, म्हणून वर मलाच साक्षीला काढलं!

काका, तुमच्याच तालुक्यातल्या मुरुडचे र. धों. कर्वे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले झेलले. शंभर वर्षांनी आपण अजून "तसले रोग".

इथे लोबोला असतं, म्हणजे लग्नासाठी मुलाकडून मुलीच्या घरी द्यायच्या गाई. मुलाकडचे मामे-काके मुलीच्या घरी गाईंचा आकडा ठरवायला जातात. १८६९ मध्ये गोऱ्या सरकारने दहा गाई आणि मुलीच्या आईची एक असा दर बांधून दिला, तो अकराचा आकडा लोक अजून धरून आहेत. गाई मात्र आता पैशांत, इथल्या रँडमध्ये, बँकेतून. सगळं उघड, आपल्या 'मानपाना'सारखी झाकपाक नाही. पण ऑफिसातली एक बाई मला म्हणाली, "गाई पोचल्या की नवऱ्याला काँडोम वापर म्हणायची सोय नाही." फुकट काँडोमचा डबा तिच्या मागेच, भिंतीवर होता.

आणि रोग काही गाईंनी एकट्याने पसरवला नाही. पुरुष वर्षभर खाणीवरच्या हॉस्टेलात, बायका गावी. परळच्या खोल्या आणि मनिऑर्डरची वाट बघणारी कोकणातली घरं याहून फार वेगळी नव्हती.

"आमच्यात असलं नसतं," हे ब्रायला, म्हणजे इथल्या निखाऱ्यावरच्या मटणाच्या बैठकीला, बसलो की मीही झोकात सांगतो. हुंडा आम्ही घेतला नाहीच. सासऱ्यांनी 'हौसेने' अठरा तोळे घातले. त्यासाठी मोहोर असतानाच बाग व्यापाऱ्याला दिली. त्या मे महिन्यात जावयासाठी आंब्याची पेटी आली, तिच्यावर दुसऱ्याच बागेचा छाप होता.

लग्न ठरल्यावर हिने घाबरत विचारलं होतं, "आपण दोघं तपासून घेऊया का?" मी मुंबईत चार वर्षं खोलीवर काढलेली. म्हटलं, "विश्वास नाही माझ्यावर?" गप्प बसली. दागिने तोवर सोनाराकडे टाकले होते.

इथल्या क्लिनिकात नर्सने सहज विचारलं, दोघांचीही करायची का? बोटाला टोचलं, पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसलो. दोघांचंही काही निघालं नाही. गाडीत ही एवढंच म्हणाली, "तेव्हा मी काय वेगळं मागत होते?"