महाभियोग म्हणजे पदच्युती नव्हे

अमेरिकेत महाभियोग मंजूर होताच राष्ट्राध्यक्षांचे पद जाते, असा दावा समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. महाभियोग म्हणजे केवळ आरोपनिश्चिती. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधीगृहाने, साध्या बहुमताने आरोप मंजूर केल्यावर वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, खटला चालतो आणि तेथे उपस्थित सदस्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांनी दोषी ठरवले, तरच राष्ट्राध्यक्ष, न्यायाधीश किंवा अन्य अधिकारी पदावरून दूर होतो. १८६८ मध्ये सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध ३५, तर बाजूने १९ मते पडली. अवघे एक मत कमी पडल्याने ते पदावर राहिले. महाभियोग मंजूर झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या यादीत रिचर्ड निक्सन यांचेही नाव सर्रास घुसडले जाते, हे विशेष खटकते, कारण १९७४ मध्ये प्रतिनिधीगृहात मतदान होण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला होता.