सर्व्हेअर ‘कापायलाच’ येतो का?

पावसाळा आला की गाडीचं नुकसान तपासून क्लेमची रक्कम मांडणाऱ्या सर्व्हेअरबद्दल एक मेसेज फिरू लागतो: ‘विम्याचा सर्व्हेअर कंपनीचा नोकर असतो, जेवढं कापेल तेवढं त्याला कमिशन. म्हणून गाडी आधी दुरुस्त करा, बिल नंतर द्या. पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारून गॅरेजला न्या. आणि एकदा त्याने आकडा लिहिला की विषय संपला.’

नोकर आणि कमिशन. मोटार विम्यात ५० हजारांवरच्या नुकसानीचा सर्व्हे ‘आयआरडीएआय’ या विमा नियामकाचा परवाना असलेल्याच सर्व्हेअरने करायचा असतो. त्याखालच्या क्लेमला कंपनी आपला माणूस पाठवू शकते. परवानाधारकाची फी कंपनीच देते, पण ती नुकसानीच्या रकमेच्या टप्प्यांवर ठरते, कापलेल्या रकमेवर नाही. पुढचं काम मात्र त्याच कंपनीकडून मिळायचं असतं, त्यामुळे संशयाला थोडी जागा राहते, हे मान्य.

मग पैसे कापले कुठे जातात? बहुतेक वेळा पॉलिसीतच. अडीच वर्षं जुनी, १२०० सीसीची कार घ्या. जीएसटी बाजूला ठेवू. बंपर ८,०००, बॉनेट १०,०००, पुढची काच ६,०००, रंगकाम १२,०००, मजुरी ४,०००, एस्टिमेट ४०,०००. प्लॅस्टिकवर घसारा (भाग जुना झाला म्हणून होणारी कपात) ५० टक्के, म्हणजे बंपरचे ४,००० गेले. धातूच्या भागांवर दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, बॉनेटचे १,५००. काचेवर शून्य. रंगाच्या एकूण बिलातले २५ टक्के मटेरियल धरून त्यावर ५० टक्के, म्हणजे आणखी १,५००. मजुरीवर घसारा नाही. १,००० सक्तीचा डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुमच्याच खिशातून जाणारी रक्कम. हातात ३२,०००. सर्व्हेअरच्या जागी तुम्ही बसलात तरी हाच आकडा येईल. ‘झिरो डेप’ हे घसारा न कापणारं जादा कव्हर घेतलं असतं तर घसाऱ्याचे ७,००० वाचले असते.

वाद होतो तो ‘बदला की दुरुस्त करा’ इथे. बंपरला ओरखडे असले तर रंगकाम मंजूर होतं. बसवण्याचे लॉक तुटले असतील तर नवीन. म्हणून गॅरेजवाल्याला लॉकचा जवळून फोटो काढायला सांगा.

‘आधी दुरुस्त करा’ हा सल्ला तर पायावर धोंडा. भाग खोलल्यावर सापडणारं नुकसान (रेडिएटर, आतली फ्रेम) सर्व्हेअरने पाहिलंच नाही, तर तो ते कशाच्या आधारावर मंजूर करणार? खोलल्यावर जास्तीचं काही निघालं तर काम थांबवून पुरवणी एस्टिमेट द्या. जुने भाग फेकू नका. री-इन्स्पेक्शनला, म्हणजे दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीला, तेच मागतात.

स्टार्टरचा सल्ला सगळ्यात महाग पडतो. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला ते दाबता येत नाही; तशात इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर एअर फिल्टर ओला आहे का बघतो, डिपस्टिकवर तेल दुधाळ आहे का बघतो, मग इंजिनचं हेड (वरचं झाकण) उघडायला लावतो. बुडालेल्या गाडीची साफसफाई आणि वायरिंग साध्या पॉलिसीत बसू शकतं. पण स्टार्टर मारून मोडलेलं इंजिन हे ‘परिणामी नुकसान’, आणि ते वगळलेलं असतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. किल्ली लावू नका, ढकलस्टार्ट करू नका. पाणी ओसरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची रेघ सीटपर्यंत आहे की डॅशबोर्डपर्यंत त्याचा फोटो घ्या, आणि गाडी टो करून न्या.

‘विषय संपला’ हेही खोटं. सर्व्हेअरचा अहवाल शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात म्हटलंय. अहवालाची प्रत लेखी मागा, कोणत्या ओळीवर आक्षेप आहे ते आकड्यासह कळवा. कंपनीच्या तक्रार कक्षाने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील नको. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. नुसतं ‘कमी दिले’ लिहून जाऊ नका. ‘बंपरचे लॉक तुटलेले असताना दुरुस्ती धरली, फोटो सोबत’ असं लिहून जा.