पंचवीस पौंडांचं तट्टू

लंडनला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ऑफिसला जायला जुनी सायकल घ्यावी म्हणून रविवारी ब्रिक लेनच्या बाजारात गेलो. एक पसंत पडली. किंमत विचारली.

"पोनी," विक्रेता म्हणाला.

मला वाटलं, मॉडेलचं नाव असेल. "ते कळलं, पण केवढ्याला?"

"पोनी, मेट!"

तट्टू देऊन सायकल? माथेरानला हा व्यवहार जमलाही असता. मी गोंधळून गप्प उभा. त्याला वाटलं, गिऱ्हाईक चिवट आहे. "बरं, स्कोअर दे."

मी प्रामाणिकपणे सांगितलं, की सकाळपासून मॅच बघितलेली नाही. शेवटी त्याने दोन्ही हातांची दहा बोटं दोनदा नाचवली. वीस! पोनी म्हणजे पंचवीस हे नंतर कळलं. जन्मात जमलेली ही एकमेव घासाघीस, तीही काही न कळता.

घरी आल्यावर शेजारच्या आजोबांनी शिकवणी घेतली. ते अस्सल ईस्ट एंडचे. पाच पौंडांच्या नोटेला, म्हणजे फाइव्हरला, लेडी गोडायव्हा; दहाच्या नोटेला, म्हणजे टेनरला, आयर्टन सेना. का? यमक जुळतं म्हणून! हजाराला ग्रँड, म्हणून बॅग ऑफ सँड. म्हणजे वाळूची गोणी. आणि पाचशे म्हणजे मंकी. त्याचं खापर मात्र त्यांनी आपल्यावर फोडलं: हिंदुस्थानात पाचशेच्या नोटेवर माकड होतं म्हणे. अहो, सरकारी नोटा आपल्याकडे आल्या 1861च्या कायद्यानंतर, आणि तुमचं माकड त्याच्या कितीतरी आधीपासून उड्या मारतंय! आजोबांनी शांतपणे बिस्किट चहात बुडवलं.

मग ते बॉब आणि टॅनरच्या आठवणीत शिरले. बॉब म्हणजे शिलिंग, टॅनर त्याचा अर्धा. वीस शिलिंगांचा पौंड. 15 फेब्रुवारी 1971ला तो हिशेब संपला. आमचे आणे 1957लाच मोडीत निघाले, हे मी छाती फुगवून सांगितलं. स्कोअरचंही कोडं तेव्हाच सुटलं. माझी आजी नारळ 'तीन विसा' असेच मोजायची की!

तेवढ्यात ठाण्याहून भावाचा फोन आला. "फ्लॅट घेतला रे! साठ पेट्या. दोन पेट्या टोकन दिलं."

फोन स्पीकरवर होता. माझा आठ वर्षांचा मुलगा धावत आला.

"बाबा, काकाने एवढे आंबे घेतले? सडतील ना!"